सोडलेली सिगारेट

तिने त्याच्या कामाच्या पँटचे खिसे एकेक करून उलटे केले. टेस्टर, काळ्या चिकटपट्टीचं रीळ, लिफ्टच्या दाराचा वाकडा स्क्रू, लेकीच्या केसांची तुटकी क्लिप. शिवणीत साठलेला भुगा बोटाने उकरून तिने नाकाशी नेला. वंगणाचा वास आला. तंबाखूचा नाही.

“काय शोधतेयस?”

तो दारात उभा होता. आंघोळ करून आलेला, शर्टाची बटणं उघडी. केमोने बोटं बधिर झाल्यापासून बटणं तीच लावून द्यायची.

“सिगारेट,” ती म्हणाली.

“अगं, सोडली ना.”

“लग्नाआधीही सोडली होतीस.”

“तेव्हा खोटं बोललो होतो.”

“मग आताही खोटंच बोलतोयस, असं म्हण ना. मी भांडणार नाही. एक अक्षर बोलणार नाही.”

त्याला हसू आलं. “काय नशीब बघ. बायको कधी नव्हे ते भांडणार नाही म्हणते, आणि नेमका मी ओढत नाही.”

ती हसली नाही. दुपारी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर त्यांच्याकडे फिरवून ठेवला होता. ट्यूमर मार्करचा एकटा आकडा म्हणजे निकाल नाही, ते म्हणाले होते, आम्ही त्याची चाल बघतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर तीन होता, मागच्या वेळी सहा, आता चौदा. औषध चालू असताना तो चढायला नको होता. सोमवारी स्कॅन करू. कधीकधी यकृताला सूज असली तरी वाढतो, ओढणाऱ्यांचा थोडा जास्तच असतो. यकृताच्या तपासण्या ठीक होत्या. म्हणजे उरली सिगारेट. “ओढता का?” डॉक्टरांनी विचारलं, आणि तो वर्गातल्या शहाण्या मुलासारखा ताठ बसून म्हणाला, “एकही नाही.” तिला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

“कामावर बाकीचे ओढतात ना? धूर जात असेल तुझ्या नाकातोंडात.”

“तेवढ्याने चौदा होत नाही गं.”

“तुला काय कळतं? तू डॉक्टर आहेस?”

“ओढणाऱ्यांचा थोडा वाढतो, म्हणाले ते.”

“थोडाच वाढलाय!”

तिचा आवाज चिरकला. आतल्या खोलीतून चिमणी धावत आली, एका पायात मोजा, दुसरा हातात. पाच वर्षांची पोर, घरात आवाज चढला की हिचे कान आधी उभे राहायचे.

“आई, बाबाला ओरडतेयस?”

“नाही गं,” तो म्हणाला. “आई शोधतेय.”

“काय हरवलं?”

त्याने पलंगावरच्या त्या पँटकडे पाहिलं. मग बायकोच्या बोटाला अजून चिकटलेल्या भुग्याकडे.

“ओढतो,” तो म्हणाला.

“काय?”

“ओढतो मी. वर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. तिथे कुणी येत नाही.”

ती मटकन पलंगावर बसली. “रोज?”

“रोज.”

“किती?”

“चार.” तिचा चेहरा बघून त्याने घाईने भर घातली, “कधीकधी सहा. जास्तच.”

आणि ती सुटली. लाज नाही वाटत? एवढी औषधं, एवढी दुखणी, सलाईनच्या सुया टोचून हात काळेनिळे झाले, आणि हा माणूस वर जाऊन धूर काढतोय! मी इथे पाणी उकळून देतेय, फळं धुऊन देतेय, नि तू? पोरीचा तरी विचार कर की रे! बोलताना तिचे गाल लाल झाले होते. कित्येक दिवसांत ती इतकी तरतरीत दिसली नव्हती. तो मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता, मध्येच “चुकलंच” म्हणत होता. बोलता बोलता तिने सवयीने त्याला पुढे ओढलं आणि बटणं लावायला घेतली. गळ्याजवळचं बटण लावताना ती थांबली.

“पेटवतोस कशी?”

“काय?”

“सिगारेट. तुला साधी गोळी पाकिटातून काढता येत नाही. काडी कशी पेटवतोस?”

“आहे ना… तो एकजण देतो पेटवून.”

“तिथे कुणी येत नाही म्हणालास.”

तिने बटण सोडलं. मग एकदम चिमणीला दंडाला धरून तिने दोघांच्या मध्ये उभं केलं.

“हिच्या डोक्यावर हात ठेव. हिची शपथ घे आणि सांग, ओढतोस म्हणून.”

“वेडी झालीस का?”

“ठेव ना हात. खरं बोलतोयस ना? मग ठेव.” तिचा आवाज आता अगदी खाली आला होता. “ठेव रे. माझ्यासाठी.”

त्याने हात उचलला. तो मुलीच्या केसांच्या वर आला आणि वीतभर अंतरावर थांबला.

चिमणीने वर पाहिलं. बाबा डोक्यावर हात ठेवणार होता आणि ठेवत नव्हता. तिने टाचा उचलल्या. हात थोडा वर गेला. ती आणखी उंच झाली, हात आणखी वर गेला. मग तिला खेळ कळला. मोजा फेकून देऊन, खिदळत, त्या हाताला डोकं लावायला ती उड्या मारू लागली.