काकांची पसंती

"शेठ, धूळ ओढणारं यंत्र प्रत्येक टेबलाला पाइप असलेलंच घेऊ. घासकाम करणाऱ्या पोरांची छाती भरते," फर्निचर कारखान्यातले सर्वांत जुने सुतार यशवंतकाका म्हणाले. शेठनी मान डोलावली. त्या भरवशावर काकांनी घासकामावरच्या, सतत खोकणाऱ्या निवृत्तीला चालून आलेली दुसरी नोकरी नाकारायला लावली.

आज यंत्र बसलं. एकच जाड पाइप होता आणि तो नव्या कटिंग मशीनकडे गेला होता.

"शेठ, आपलं टेबलांचं ठरलं होतं ना?" काकांनी हळूच विचारलं.

"अहो काका, त्या मशीनला धूळ सोसत नाही. पोरांना सवय आहे."

मग सगळ्यांना बोलावून शेठनी यंत्रापुढे फोडायला काकांच्या हातात नारळ दिला. "यंत्र काकांनीच निवडलंय बरं का! टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. निवृत्तीने एकदा काकांकडे पाहिलं आणि नाकाला रुमाल बांधून तो आपल्या टेबलाकडे गेला.