मैना बसली

सम्मेदनं दोरी सैल सोडली आणि मैना नाक मातीला लावून आखलेल्या पट्ट्यात शिरली. दूधगंगेकाठच्या या पडीक रानात निवृत्त फौजी सुरुंग हुडकणारी कुत्री तयार करत; वास लागला की कुत्र्यानं तिथंच बसायचं, हीच खूण. पथक लवकरच सरहद्दीवर, तिथल्या नदीकाठी जाणार होतं. आज मैना चुकली, तर ती मागं राहणार होती.

बांधावर पूर्णिमा उभी होती. मैनेला शिकवणारे आण्णा हे पूर्णिमाचे वडील; ते जाऊन महिनाही झाला नव्हता.

फ्यूज नसलेल्या स्फोटकाची डबी बाभळीच्या बुडाशी पुरल्याची खूण नकाशावर होती. मैना बाभूळ ओलांडून सरळ खाली गेली आणि उतारावरच्या दगडाशी बसली.

"गेलं!" मोहीम आखणारे विजयसिंह म्हणाले. "तिथं काय बी न्हाय."

"साहेब, आण्णा तिथंच टेकायचं की, च्या प्यायला," सम्मेदचा आवाज उतरला. "त्येंची वाट बघतीया. मुकं जनावर हाय."

पूर्णिमालाही तेच वाटलं. आपल्यासारखंच आणखी कुणी वाट बघतंय, याचा तिला आधारच वाटला.

"असंल. पर एका कुत्र्यावर निकाल द्यायचा न्हाय. शेरूला आणा."

जीपमागं बांधलेल्या शेरूनं यातलं काही पाहिलं नव्हतं. मैनेला बाजूला घेतलं, मग तो आला. बाभळीशी थबकलासुद्धा नाही. हुंगत हुंगत उतरला आणि त्याच दगडाशी बसला.

"ह्यो तर परवा आलाय," सम्मेद पुटपुटला. "ह्येनं आण्णांना बघितलं बी न्हाय."

विजयसिंह स्वतः पालथे पडले. सळईनं माती चाचपली, बोटांनी गाळ उकरला. डबी वर आली. पुरानं ती बाभळीपासून इथवर ओढून आणली होती आणि नकाशा होता तसाच राहिला होता.

उठायला त्यांना वेळ लागला.

"तिकडं बी नदीच हाय," ते म्हणाले. "जुन्या नकाशावर पोरं घातली असती मी. सगळं परत आखायचं. आन् पयली मैना."

पूर्णिमा बांधावरून उतरली आणि मैनेला जवळ घ्यायला वाकली.

"आत्ता न्हाय, ताई," सम्मेद म्हणाला. "सुट्टी दिली न्हाय अजून. कामावर हाय ती."

मैना कुणाकडंच बघत नव्हती. तिची नजर त्या ओंजळभर मातीवर होती. कानसुद्धा हलत नव्हता.

पूर्णिमानं हात मागं घेतला. मग हळूच पायातल्या चपला काढल्या.