रंधा मारलेलं दार

घाटकोपरच्या टेकडीवर रत्नप्रभाच्या घरासमोरची पाण्याची लाइन यंदाही फुटली. खड्ड्यात उतरलेल्या इंजिनीयर श्रुतिकाला तिने वरूनच सुनावलं, "दर वर्षी इथेच फुटते. हलका माल टाकता तुम्ही!"

"पाइप धडधाकट आहे, काकू. नुसता सांध्यातून ओढला गेलाय." श्रुतिका हात पुसत वर आली. "तुमचं दार अडकतं का हो?"

"अडकायचं. पावसात लाकूड फुगतं ना! आमचे हे रंधा मारतात, की झकास लागतं."

"शेवटचा कधी मारला?"

"आत्ता, मे महिन्यात," म्हणता म्हणता रत्नप्रभा थांबली. मेच्या उन्हात लाकूड कशाला फुगेल?

श्रुतिकाने दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. ती कड एका बाजूला चांगली दोन बोटं उतरती तासलेली होती.

"दारात काही खोट नव्हती, काकू. चौकट तिरकी होतेय. जमीन खाली सरकतेय. पाइपला तीच ओढतेय, आणि घरालाही."

साहेबांना फोन लावत श्रुतिका बाहेर गेली. तिच्या मागे रत्नप्रभाने सवयीने दार लोटलं. ते अलगद, कुठेही न घासता लागलं, आणि तिने ते झटकन पुन्हा सताड उघडलं.