फळीवरची जागा

"फक्त माझे ड्रम लावा. बाकी सगळं बंद," ड्रमवाला हातोडा म्हणाला.

रेकॉर्डिस्ट बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. आपलं वाजवणं एकटं काढून ऐकायचं नसतं, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. एकटं ऐकलं की प्रत्येकाला काहीतरी खुपतंच. पण अडतीस वर्षं एकाच रॉक बँडमध्ये ड्रम बडवणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? त्यांनी बटणं दाबली.

घरून निघताना तो बायकोला सांगूनच आला होता. "आज माझा पाय मी स्वतः ऐकतो. गेला असेल तर स्टिक्स खाली ठेवतो. कुणी सांगायची वाट बघायची नाही." उजव्या पायाला अधूनमधून मुंग्या येत होत्या. बायको सोडून कुणाला त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

आधी हात ऐकू आले, आणि हात झकास होते. नावाला हातोडा, पण हा माणूस वाजवायचा कमीच. दुसरे जिथे चार ठोके घालतील तिथे हा एक घालून गप्प बसायचा. डावा हात तर केसभर उशिराच पडायचा, पाहुणा दारात क्षणभर थांबून आत येतो तसा. त्या केसभर उशिरावर बँडने सगळी दुनिया हिंडून घेतली होती.

दुसऱ्या कडव्यात पायाचा मोठा ड्रम एकदा वाजलाच नाही. थोड्या वेळाने आणखी एकदा. गाणं संपलं तेव्हा अकरा खड्डे मोजून झाले होते. हातोड्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"झालं," तो म्हणाला. "आटोपला आपला कारभार."

"थांबा हो जरा. सकाळी सगळ्यांचं एकत्र ऐकलं, तेव्हा मला एकही खड्डा लागला नाही. माझे कान काय गहाण पडलेत?" बाईंनी बास गिटारचं बटण वर सरकवलं.

जिथे जिथे पाय चुकला होता, तिथे तिथे बासच्या तारा तळहाताने दाबून मारलेला एक बद्द ठोका होता. सूर नव्हताच त्यात. थेट ड्रमसारखा धप्प. अकराच्या अकरा. बाईंनी गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढलं. तिथे सहा खड्डे, सहा धप्प. त्याच्या आदल्या वर्षी दोनच, तेही भरलेले.

काचेपलीकडच्या खोलीत बासवाला तारा पुसत एकटाच बसला होता. त्याला सगळे खांब म्हणत, कारण स्टेजवर तो तसूभर हलत नसे. डावा पाय मात्र कायम अनवाणी, ड्रमखालच्या लाकडी फळीच्या कडेवर टेकलेला. ती फळी बँडबरोबर सगळीकडे जायची, आणि त्याच्या पावलाखाली तिचा काळा रंग पार उडून गेला होता. लोकांना वाटे, असेल काहीतरी टोटका. हातोड्यालाही तसंच वाटे. "पायाचा वास आवर रे, झांजा काळ्या पडतील," म्हणून तो चिडवायचासुद्धा.

हातोडा आत गेला आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"कधीपासून भरतोयस?"

खांबाने मान वर केली नाही. "झाली असतील तीनेक वर्षं."

"पण मी चुकणार हे तुला आधी कळतं कसं?"

"मारायच्या आधी तू टाच उचलतोस. फळी हलते. नाही हलली की समजायचं, हा गडी आता दगा देणार."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठे सांगितलंस?" खांब म्हणाला. "माझा डावा कान गेला तेव्हापासून प्रत्येक गाणं संपवताना, माझा शेवट चुकू नये म्हणून, तू माझ्याकडे बघून हनुवटी उचलतोस. त्याआधी कधी उचलायचास? आत्ताही बघ, बरोबर उजवीकडे येऊन उभा राहिलास."

तो कान हातोड्याच्याच झांजेने खाल्ला होता. बारा वर्षं तो हनुवटी उचलत होता आणि हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, अशा समजात होता. आपण याला सांभाळतोय, असंही त्याला मनातून वाटायचं. आता त्याला लाज वाटायला हवी होती. पण इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले.

"फार उपकार झाले रे तुझे," तो म्हणाला.

"पुरे. तारा गंजतील माझ्या."

भिंतीवरच्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. "ते अकरा ठोके मी कॉम्प्युटरवर बसवून देऊ का? बासचे धप्प काढून टाकते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," हातोडा म्हणाला. "ते खड्डे भरलेत. पुढचं गाणं घ्या."

त्याने फोन काढून बायकोला निरोप टाकला. 'जेवायला थांबू नकोस. स्टिक्स हातात आहेत.'

खांबाने डावा बूट काढला, मोजा काढून खिशात कोंबला. हातोडा स्टुलावर बसता बसता थांबला. त्याने गळ्यातला टॉवेल काढला, आणि वाकून फळीवरची ती पाऊलभर जागा स्वच्छ पुसून दिली.