देवदारांखालची गिबोशी

वाडगं रिकामं करून योशिएबाईंनी ते पुन्हा सुनेपुढे धरलं. "वाढ अजून."

चिहारूला हायसं वाटलं. शहरातून या डोंगरगावात आल्यावर तिनं पहिल्यांदाच रानभाजी केली होती. गिबोशीचे कोवळे कोंब, उकडून, सोयाबीनच्या खारट मिसोत आणि सिरक्यात कालवलेले.

"कुठून आणलेस गं?"

"मागच्या देवदारांखालून, आई. तिन्हीसांजेला दिसले, बुडापासून कापून घेतले."

"झकास झालेत," म्हणत योशिएबाई जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवदारांखाली बोट दाखवलं. "इथं माझी गिबोशी आहे. शोभेची, पांढऱ्या काठाच्या पानांची. शेजारच्या तोकुझोनं नऊ वर्षं झाडांच्या प्रदर्शनातला पहिला नंबर सोडला नाही. यंदा त्याची जिरवायचीय."

तिथं नुसता पालापाचोळा होता. चिहारूच्या मनात आलं, काल कापली ती हीच!

कबूल करायची हिंमत झाली नाही. मग तिनं कंबर कसली. रोज तांदळाचं धुवण घातलं, गोगलगायी हातानं वेचल्या, दुपारच्या तिरप्या उन्हाला छत्री धरली. आठव्या दिवशी मातीतून जांभळट टोकं वर आली, तेव्हा ती तिथंच बसून रडली.

"झाडावर एवढी माया? नवऱ्यावर कर थोडी," योशिएबाई म्हणायच्या आणि चहा प्यायला निघून जायच्या.

जूनपर्यंत पान ताटाएवढं झालं. निळसर हिरवं, काठाला दुधासारखा पट्टा, कुठं भोक नाही की डाग नाही. प्रदर्शनात परीक्षक त्याच्यापुढून हलेनात. पहिला नंबर! चिहारूनं सगळ्यांदेखत सासूला मिठी मारली. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

गर्दीतून तोकुझो आला. रिकाम्या हातानं.

"जिंकलात, वहिनी. देवदारांखालची माझी तर एप्रिलातच रानबकरीनं बुडापासून खाल्ली. तुमची तेव्हा मातीखाली होती, म्हणून वाचली. आता आपल्या दोघांच्या देवदारांमध्ये कुंपण घालावंच लागेल."

चिहारूचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरेरे! मेली बकरी," योशिएबाई हळहळल्या. तो वळल्यावर त्या सुनेच्या कानाशी लागल्या.

"घाबरू नकोस. निम्मी बकरी मीच."