डावा कोपरा

"कुठला पाय?" ज्ञानूने विचारलं.

धनाजीने आजूबाजूला पाहिलं. शाळेच्या पटांगणावर पुण्याहून आलेले बाकीचे खेळाडू अंग मोकळं करत होते. इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"डावा. गुडघा गेलाय. कुणाला बोलू नगंस."

"माझ्याकडनं न्हाई जायचं कुठं," ज्ञानू म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

विंझरच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं झाली होती. हे दोघंही याच मंडळाच्या मातीत लोळून मोठे झाले आणि पुढे पुण्याच्या व्यावसायिक संघात गेले. मंडळाचे अध्यक्ष आनंदराव त्या संघाच्या हात धुऊन मागे लागले, तेव्हा कुठे आजचा सामना ठरला. संघातल्याच खेळाडूंच्या दोन बाजू केल्या होत्या. खेळ उघड्यावर, लाल मातीत, अनवाणी. मॅट बसमध्येच गुंडाळून पडली होती. आनंदरावांनी पन्नास नारळ आणले होते, आणि भाषणात पन्नासातलं एकही वर्ष वगळायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

धनाजीच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. पुढच्या मोसमाची यादी जवळजवळ पक्की झाली होती. एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी नावं दोन होती, धनाजी आणि ज्ञानू. आजचा खेळ बघून प्रशिक्षक ठरवणार होते. एकतिसाव्या वर्षी यादीतून गळलेल्याला दुसरा कुठला संघ विचारत नाही. कबड्डीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. आठवडाभर त्याला घास गोड लागला नव्हता.

कपडे बदलायला शाळेचा एक वर्ग दिला होता. धनाजी कठड्याला धरून, डावा पाय आधी वर ठेवत, पायऱ्या चढला. आत त्याची बायको रत्ना डबा घेऊन बसली होती.

"ज्ञानूनं वळखलं," तो म्हणाला. "मग सांगितलं त्याला."

"अवो, खुळं का काय तुमी?" रत्नाचा आवाज चढला. "मागच्या साली खांदा दुखावला तवा फकस्त त्यालाच ठावं हुतं. आठ दिवसांत कोच सायबांच्या कानावर गेलं. आता त्यो बरोबर त्याच पायावर झडप घालंल."

"घालू दे."

 रत्नाने मान खाली घालून डब्याचं झाकण लावलं.

धनाजीने दोन्ही गुडघ्यांवर नी-कॅप चढवल्या. एकावरच घातली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं.

सामना सुरू झाला. ज्ञानू समोरच्या बाजूने, नेहमीसारखा उजव्या कोपऱ्यात उभा होता. लहानपणापासून त्याची जागा तीच. तिथून हाताशी येतो तो चढाई करणाऱ्याचा डावा पाय. पूर्वार्धात दोनदा धनाजीचा पाय त्याच्या अगदी हाताशी गेला, पण ज्ञानू झेपावलाच नाही.

"ज्ञान्या, जेवून झोपलास का काय रं?" बघ्यांतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

प्रशिक्षक हसले नाहीत. मध्यंतराला ते ज्ञानूला जे बोलले ते अख्ख्या पटांगणाला ऐकू गेलं. "पकडी करायच्या नसतील तर आत्ताच सांग. जागा एकच आहे."

ज्ञानूचं तोंड एवढंसं झालं. धनाजीला ते बघवेना. हा असा का खेळतोय, तेही त्याला कळेना.

खेळ पुन्हा सुरू होताना ज्ञानू आपल्या कर्णधाराच्या कानाशी काहीतरी बोलला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

धनाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ज्ञानू!" त्याने मध्यरेषेवरून हाक मारली. "आरं ऐक, ज्ञानू..."

ज्ञानू नुसता हसला. त्याने छातीवर हात ठेवला. तेवढ्यात पंचांनी शिट्टी फुंकली.

त्यानंतर धनाजी त्या कोपऱ्याकडे फिरकलाच नाही. लांबूनच हात टाकून परत यायचा. लोक कुरकुरायला लागले. प्रशिक्षकांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं. सगळं हातातून निसटत चाललंय हे त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि बोलायला आता तोंड नव्हतं.

दोन मिनिटं उरली तेव्हा गुण अठ्ठावीस-अठ्ठावीस होते. लागोपाठ दोन चढाया बिनगुणाच्या गेल्या होत्या; आता ही तिसरीही कोरी गेली तर धनाजी बाद होणार होता. त्याने खाली वाकून माती कपाळाला लावली आणि आत शिरला. कबड्डी, कबड्डी म्हणत तो पार खोलवर गेला, एका गड्याला हात लावला आणि वळला. त्याच क्षणी ज्ञानूने झेप घेऊन दोन्ही हातांनी त्याचा पाय कवटाळला.

माती उडाली. कडकन आवाज झाला. मंडपात आनंदरावांच्या हातातला माईक तसाच राहिला.

रत्ना धावत आत आली. धनाजी मातीत आडवा पडला होता आणि ज्ञानू त्याच्याशेजारी बसला होता.

"वैनी, डाव्या पायाला म्या बोटसुदिक लावलं न्हाई," तो रडत म्हणाला. "त्यो हाताखाली येऊ नये म्हणून तर कोपरा बदलला. इचारा त्याला. आईशप्पथ सांगतो, म्या उजवाच धरला."

धनाजीने डोळे मिटून घेतले.

 रत्नाने धनाजीच्या उजव्या गुडघ्यावरची कॅप हळूच खाली सरकवली. आत तिनेच सकाळी हळद लावून घट्ट बांधलेली पट्टी होती.