‘सेंड’ला तिकडं काय म्हणतात

“मास्तरांनी इंग्रजी करून दिलंय. आता तू त्याचं इटलीचं कर,” मनुबाई म्हणाली आणि तिनं कागद आकारामच्या पुढ्यात सरकवला.

मराठीवरनं थेट इटालियन होतं, हे तिला पटत नसे. गोऱ्याचं गोऱ्यालाच कळतं, मधे इंग्रजी पाहिजेच. म्हणून ती आधी उंब्रजच्या शाळेत लालासाहेब मास्तरांकडं जायची, मग इकडं.

आज कागदावर एकच ओळ होती. सेंड हिम.

“एवढंच, मावशी?”

“दोन वरसं लय लिवलं. खातोय का, झोपतोय का. आता माझ्या जोतिबाला पाठवून दे म्हनावं. अंजनाचा बाप तिला न्यायला येऊन बसलाय. नवरा हाय तर दाव म्हनतोय. काय दावू?”

आकारामनं टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

ही भाषा तो लढाईत धरला गेल्यावर इटलीतल्या कैदेत शिकला होता. तो आणि जोतिबा छावणीतनं एकदमच पळाले, एका गोठ्यात लपले. पहाटे पाणी आणायची पाळी आकारामची होती. पण पाण्याला गेला जोतिबा. गोळी लागली. आकारामनं त्याला ओढ्याकाठी आपल्या हातानं पुरलं. सरकारनं घरी ‘बेपत्ता’ एवढा एक शब्द धाडला. पोटचं पोर घेतलं आणि शब्द दिला.

आकारामनं परत येऊन खोटं दिलं. म्हातारीनं अन्न टाकलं होतं. तो म्हणाला, तिकडं असुंता नावाच्या बाईनं जोतिबाला सांभाळलंय, डोक्याला मार बसलाय, बोलत नाही. बाई मनातली, गावही मनातलं. म्हातारीची पत्रं तो चुलीत घालायचा आणि दोन महिन्यांनी कुठल्यातरी कागदावरनं उत्तर वाचून दाखवायचा.

“लिव की रं. इसरलास व्हय?”

‘ठेवून घ्या’ असं लिहिलं असतं तरी कुणाला कळणार होतं? पण त्यानं खरं तेच लिहिलं.

“म्हनून दाव.”

“मांदातेलो.”

“परत.”

“मांदातेलो.”

तिनं तो शब्द तीनदा घोटला, देवाचं नाव घोटावं तसा.

“आता पत्ता घाल. आज मीच टाकते, सातारला, मोठ्या पोस्टात. तुला किती हेलपाटं घालाय लावायचं, बाबा?”

त्यानं पत्ता घातला. नसलेल्या गावाला कागद जाऊन जाऊन जाईल कुठं?

अडीच महिन्यांनी, भर दुपारी, मनुबाई पाकीट घेऊन आली. मागं सून अंजना, नवं लुगडं नेसून. पाकिटावर इटलीचं तिकीट होतं. तिकिटावरच्या शिक्क्यात आकारामनं मनानं घडवलेल्या गावाचं नाव होतं.

“पोस्टमन म्हनला, लय लांबनं आलंय. वाच. काय म्हनतीया बाई?”

आकारामनं पाकीट फोडलं. अक्षर बाईमाणसाचं, वळणदार. कागदाला ओल्या मातीचा वास येत होता.

“आरं, वाच की. येतोय का न्हाई?”

त्यानं आजवर एकाही पत्रात स्वतःचं नाव घातलं नव्हतं. दोनच ओळी होत्या.

‘जोतिबा निघाला आहे. ओढ्याकाठचा खड्डा उघडा ठेवलाय, आकारामला पाठवा.’